नांदूरमध्यमेश्वर : दोनदा गेलो, पहिल्यांदा चुकलो

रेटिंग आधीच सांगतो, पाचपैकी साडेचार. पहिल्या फेरीनंतर लिहिलं असतं तर दोन दिले असते, पण त्यात या पक्षी अभयारण्याची चूक काहीच नव्हती, सगळी आमची होती.

तर पहिली फेरी डिसेंबरातल्या रविवारची. नाशिकहून साधारण ४०-४५ किलोमीटर, चांदोरीवरून सायखेडा आणि तिथून चापडगाव. निघायलाच साडेसात झाले, त्यात मी म्हटलं मिसळ खाऊन जाऊ, आणि हायवेवरच्या त्या हॉटेलात (नाव घेत नाही) ऑर्डर दिल्यावर पाऊण तास नुसते पाव चघळत बसलो. मिसळ आली ती पण कोमट. पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले, ऊन डोक्यावर, पक्षी सगळे लांब पाण्याच्या मध्यात काळे ठिपके होऊन बसलेले आणि मनोऱ्यावर एक ग्रुप ब्लूटूथ स्पीकर लावून सेल्फी काढतोय. मुलगी म्हणाली, "बाबा, फ्लेमिंगो कुठंय?" एक पण नव्हता. तासाभरात परत.

निघताना तिथल्या एका गाईडने थांबवून सांगितलं, "उशीर केला भाऊ तुम्ही. आणि सध्या पाणी पण चढलंय." मला वाटलं पाणी चढलं म्हणजे चांगलंच की! पण नाही. हा मुळात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा, आणि नदीने इतक्या वर्षांत त्यात एवढा गाळ आणून टाकलाय की पाणी पसरट आणि उथळ झालंय, मध्ये मध्ये बेटं, कडेला पाणवनस्पती. धरण म्हणून हा तोटाच, पण बदकांना आणि चिखलात चोच खुपसणाऱ्यांना असंच पाहिजे. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की पाणी वाढतं, चिखल बुडतो, मग चिखलातले पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणजे इथं काय दिसणार हे कॅलेंडरपेक्षा पाण्यावर ठरतं. त्यामुळे निघायच्या आधी कुणा ओळखीच्याला किंवा गाईडला फोन करून पाणी किती आहे विचारा, फ्लेमिंगोचे फोटो बघून गाडी काढू नका.

दुसरी फेरी जानेवारीत, आणि यावेळी आईपण सोबत. पाचला निघालो. निफाडच्या थंडीचा आकडा दरवर्षी पेपरात येतो तो का येतो ते त्या दिवशी कळलं, कानटोपी, मफलर, दोन स्वेटर घालूनही बोटं वाकेनात. पण पोचलो तर पाण्यावर धुकं आणि त्या धुक्यातून नुसता आवाज, हजारो पक्षी एकदम कुजबुजतायत असा, दिसत काहीच नाही. तेवढ्यासाठी परत जाईन मी.

गाईड घ्याच, पैसे वाचवू नका. गावातलीच पोरं आहेत, नजर अशी की आपल्याला गवत दिसतं तिथं त्यांना पाणलावा दिसतो. आणि खरी गोष्ट म्हणजे त्यांच्याकडचा स्टँडवरचा स्कोप, आमची घरची दुर्बीण त्याच्यापुढे खेळणं. मुलीला उंची पुरेना म्हणून तिला दगडावर उभं केलं, तिने डोळा लावला आणि जी गप्प झाली ती झालीच. जांभळी पाणकोंबडी होती. निळंजांभळं अंग, लाल चोच, लांब लाल पाय, आणि एका पायाच्या बोटांत पाणगवताचा दांडा आपण कणीस धरतो तसा धरून सोलून आतला पांढरा गाभा खात होती. पाच मिनिटं तेच. मागे रांगेत मी आणि आई ताटकळत.

आईची मजा वेगळीच. गाईडने काळे पक्षी दाखवले, कपाळावर पांढरा ठिपका, आणि म्हणाला, "आजी, हे वारकरी." आई म्हणाली, "गंध लावलंय की रे!" आणि मग दिवसभर बाकीचे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक सगळे एकीकडे आणि वारकरी एकीकडे. थोड्या वेळाने एक मार्श हॅरियर (शिकारी पक्षी) खालून तरंगत आला तर सगळी दिंडी फडफडत पाणी तुडवत पळाली, तो रिकाम्या पायांनीच गेला.

बाकी काय दिसलं? चमचा पक्षी, चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत चाललेले. चित्रबलाक. पट्टेरी हंस लांबून, डोक्यावर दोन काळे पट्टे, हे हिमालय ओलांडून येतात म्हटल्यावर मुलीने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. क्रौंच शेतात उतरतात म्हणे, आम्हाला नाही मिळाले. फ्लेमिंगो याही वेळी नाही, आणि कुणी विचारलंही नाही. २०० हून जास्त जातींची नोंद आहे, आम्ही मोजून ३१ पाहिल्या.

२०२० मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, जाहीर झालं, लोणार त्याच्यानंतर. लोक याला राजस्थानातल्या पक्ष्यांच्या भरतपूरवरून महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, पण ती तुलना कशाला, भरतपूरला बाहेर कांदा आणि द्राक्षबागा थोड्याच आहेत?

सुट्टे पैसे ठेवा, कॅमेऱ्याचे वेगळे पडतात. भडक कपडे नको. खायला घरून न्या, आम्ही यावेळी थालीपीठ आणि दही नेलं, मिसळीचा विषयच नाही. पाण्याकडेला सावली कमी आहे, त्यामुळे वयस्कर माणसं असतील तर घडीची खुर्ची न्या, आईला तिचा फार उपयोग झाला. संध्याकाळी गेलात तर अंधार पडायच्या आत निघा, आजूबाजूला ऊस आहे आणि ऊस म्हटला की निफाड तालुक्यात बिबट्या आलाच.

अर्धा मार्क कापला तो स्पीकरवाल्यांसाठी. यावेळी पण एक आलेच होते, पण गाईडने जाऊन काय सांगितलं माहीत नाही, दोन मिनिटांत बंद केला आणि मग तेपण स्कोपच्या रांगेत आमच्या मागे येऊन उभे राहिले.