प्रकल्प कशावर: ठाण्याचं ग्रंथसंग्रहालय की नवी मुंबई?

भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी स्थापनेची गोष्ट हवीय, आणि तिचं ठरत नाहीये.

संस्थापक विचाराल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सोपं: १८९३, विनायक लक्ष्मण भावे. नवी मुंबईला एकच जनक नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये कल्पना मांडली, १९७० मध्ये शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि जमिनी गेल्या आगरी-कोळी गावांच्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या उरणच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. बिल्डरच्या जाहिरातीत हे नसतं, पण त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांच्याशिवाय प्रकल्प अर्धाच.

मेहनत? ठाण्याचं एका दुपारी उरकेल. नवी मुंबईसाठी कोरियांनी आखलेली बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत बघा, गावठाणातल्या आजोबांना बोलतं करा.

वेळ कमी असेल तर ठाणे. वाद घालायची हौस असेल तर नवी मुंबईच.