न रडणाऱ्यांसाठी समुपदेशन : पुण्यातील एका केंद्राचे परीक्षण

पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या समुपदेशन केंद्रात मी आईच्या निधनानंतर काही महिने नियमितपणे जात होते. तिथे येणाऱ्यांच्या खासगीपणाचा विचार करून केंद्राचे नाव देत नाही. तरीही, ज्यांना दुःखाच्या प्रसंगी रडू येत नाही किंवा आलेले रडू कोणासमोर दाखवता येत नाही, अशांनी समुपदेशकाकडून काय अपेक्षा ठेवावी हे सांगण्यासाठी हा अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशा माणसांची गरज ओळखून दिलेली सेवा मला अन्यत्र फारशी आढळलेली नाही.

या केंद्राचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिथे कोणाला रडवण्याचा प्रयत्न होत नाही. आपल्याकडे दिवसकार्याच्या काळात घरातल्या थोरल्याला ‘तूच धीर सोडलास तर बाकीच्यांनी काय करायचं’ असे बजावले जाते आणि महिना उलटल्यावर तीच माणसे ‘एकदा मनसोक्त रडून घे, म्हणजे मोकळं वाटेल’ असा आग्रह धरू लागतात. भावनांपासून दूर राहण्याची ज्याला लहानपणापासून सवय आहे, त्याला या दोन्ही सूचना सारख्याच जाचक होतात. पहिल्याच भेटीत समुपदेशक मॅडम मला म्हणाल्या, ‘‘इथे तुम्हाला रडावंच लागेल असं काही नाही. रडू का येत नाही, ते आपण सावकाश बघू.’’ त्या वाक्याने माझी निम्मी धास्ती गेली.

त्यानंतर त्यांनी जी चौकशी केली, ती मला विशेष महत्त्वाची वाटते. झोप, भूक आणि कामातील लक्ष यांबद्दल विचारून झाल्यावर त्यांनी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी मागितली. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे भावना बोथट होतात आणि रडू येणे कमी होते. शिवाय खुद्द तीव्र नैराश्यातही काही रुग्णांना इच्छा असूनही रडता येत नाही. ही शक्यता तपासल्याशिवाय ‘तुम्ही भावना दाबता’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले.

पुढच्या भेटींत त्यांनी या स्वभावामागची घडण समजावून सांगितली. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सुमारे एक वर्षाच्या बाळांचे निरीक्षण केले होते. आई खोलीतून बाहेर गेली की बहुतेक बाळे अस्वस्थ होत आणि ती परतल्यावर तिला बिलगत. काही बाळे मात्र खेळण्यांशी खेळत राहत आणि आई परत आली तरी तिच्याकडे पाहणे टाळत. ही बाळे वरकरणी शांत दिसत. परंतु पुढे इतर संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा त्यांच्याही शरीरावर ताण येत असल्याचे दिसून आले. रडून जवळ येण्याने उपयोग होत नाही, उलट जवळचे माणूस आणखी दूर जाते, हे त्यांनी बोलता येण्यापूर्वीच अनुभवलेले असते. मोठेपणीही असेच घडते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुःखद चित्रफीत पाहताना चेहऱ्यावर काहीही दिसू न देणाऱ्यांना दुःख कमी झाल्याचे जाणवले नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र वाढला. ‘मला काही वाटतच नाही’ असे जो सांगतो, तो खोटे बोलत नसतो. त्याच्या शरीराला जे कळलेले असते, ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. मॅडमनी ही माहिती व्याख्यानासारखी एकदम न देता माझ्या बोलण्याच्या ओघात थोडी थोडी दिली, हे मला फार भावले.

त्यांची पद्धतही याच समजुतीवर उभी आहे. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर नाहीत, काटकोनात आहेत, आणि दोघांच्याही नजरेला अंगणातले झाड पडते. टेबलावर मातीचा गोळा, लोकर, कागद असे काहीबाही ठेवलेले असते आणि बोलताना ते हाताळण्याची मुभा असते. कोणी आपल्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नाही, ही जाणीव माझ्यासारखीला किती आधार देते, हे ज्याला सहज रडता येते त्याला कदाचित उमगणार नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्या मला इथे हटकून आठवत. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी फिरून जमवलेल्या त्या ओव्यांत सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेल्या लेकराचे दुःख असे सगळे आहे, आणि ते सांगताना बाईचे हात दळणात गुंतलेले असत.

एका भेटीला मी माझ्या मोठ्या भावाला घेऊन गेले. दादा आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलू लागला, तेव्हा त्याच्या सांगण्यात रुग्णालयाची फाईल होती, विम्याचे कागद होते, डबा कोणी आणायचा याचे वेळापत्रक होते. आई कुठेच नव्हती. मॅडमनी त्याला अडवले नाही, की ‘तुम्हाला काय वाटलं’ असेही विचारले नाही. बऱ्याच वेळाने त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘ती फाईल तुम्ही कशी धरली होती?’’ दादाने दोन्ही हात छातीशी नेऊन दाखवले आणि ते तसेच राहिले. नंतर त्याला बोलता येईना. त्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही, पण त्याचा श्वास बदललेला आम्हा दोघींनाही कळत होता. त्या वेळी मॅडमनी त्याच्या पुढ्यात टिश्यूचा डबा सरकवला नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. ‘‘हात तसेच राहू द्या, घाई नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या. परतताना रिक्षात दादा मला म्हणाला, ‘‘तू रडली असतीस ना, तर मला काहीच सुचलं नसतं.’’ आम्हा भावंडांत आईविषयी झालेले हे पहिले खरे बोलणे होते, आणि त्याचे श्रेय मी या केंद्राला देते.

50 मिनिटांची भेट संपल्यावर मागच्या खोलीत हवा तितका वेळ एकटे बसता येते. या सोयीला शास्त्रीय आधार आहे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील आद फिंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रपट पाहून रडलेल्यांची मनःस्थिती लगेच सुधारली नव्हती, ती आधी खालावली होती. साधारण 20 मिनिटांनी ती पूर्ववत झाली आणि 90 मिनिटांनी आधीपेक्षाही बरी झाली. दीर्घकाळाने पहिल्यांदा रडलेल्या माणसाला त्या अवस्थेत थेट रहदारीत लोटले, तर ‘रडण्याने त्रासच होतो’ ही त्याची जुनी खात्री पक्की होईल. मला स्वतःला रडू आले ते याच मागच्या खोलीत, आणि तिथे कोणी आत डोकावले नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रतीक्षाकक्ष आणि भेटीची खोली यांमधला दरवाजा पातळ आहे. बाहेर बसलेल्याला आतले शब्द कळत नसले तरी आवाज येतो, आणि आपला हुंदका कोणी ऐकेल या भीतीनेच जे आयुष्यभर गप्प राहिले त्यांच्यासाठी ही बाब क्षुल्लक नाही. संध्याकाळच्या वेळा नोकरदारांना सहज मिळत नाहीत. एका भेटीचे दीड हजार रुपये होतात आणि काम सावकाश चालणारे असल्यामुळे एकूण खर्च बराच वाढतो. सवलतीच्या मोजक्या जागा आहेत, परंतु त्यांची माहिती विचारल्याशिवाय दिली जात नाही. ती दर्शनी भागात लावावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. दूरदृश्य भेटी मला तितक्या उपयोगी वाटल्या नाहीत, कारण पडद्यावर नेमके समोरासमोर पाहावे लागते आणि स्वतःचा चेहराही सतत दिसत राहतो.

ज्यांना झटपट सल्ला हवा आहे, त्यांचा येथे हिरमोड होईल. मन मोकळे करण्याची सवय असलेल्यांना ही गती कंटाळवाणी वाटू शकते. मात्र दुःख टाळत आलेल्या माणसाच्या घरच्यांनी त्याला ओढून आणण्यापेक्षा पहिली भेट स्वतः घ्यावी. केंद्र त्याला आनंदाने तयार असते. दुसऱ्या कुठल्या केंद्रात जाणार असाल, तर समुपदेशकाचे शिक्षण विचारण्यात संकोच करू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती तपासता येते. खर्च झेपत नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. फोनवर समोरचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे काहींना सुरुवात तिथूनच करणे सोपे जाईल.