निर्माता की कंत्राटदार? कोकण न सोडता नाटकधंद्यात पडणाऱ्यांसाठी

नाटकाचं वेड आहे, हाताशी थोडे पैसे आहेत आणि रत्नागिरी-कुडाळ सोडायचं नाही, अशा माणसापुढे मुख्यतः दोन वाटा. एकतर स्वतः नाटक उभं करा, नाहीतर मुंबईत चालू असलेल्या नाटकाचे प्रयोग ठरीव रकमेला घेऊन इथे लावा. पोस्टरवर निर्मात्याचं नाव मोठ्या टायपात येतं आणि कंत्राटदाराचा खाली नुसता मोबाइल नंबर. एवढ्यावर ठरवणार असाल तर पुढचं वाचू नका.

निर्मात्याचा मोठा खर्च पहिली घंटा होण्याआधीच होऊन जातो. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, महिना-दीड महिना तालीम, नेपथ्य, कपडेपट, जाहिरात. त्यानंतर दर प्रयोगाला कलाकारांची नाईट (म्हणजे प्रयोगागणिक मानधन), लेखकाचं मानधन, बॅकस्टेजची माणसं, टेम्पो. नाटक चाललं तर पुढच्या प्रत्येक प्रयोगाचा गल्ला तुमचा, शिवाय शासनाच्या अनुदानालाही अर्ज करता येतो. पण ते चाललंय की पडलंय हे कळायलाच पंधरा-वीस प्रयोग जातात आणि ते दादर, पार्ले, ठाण्यातच लावावे लागतात. तिथे नव्या संस्थेला शनिवार-रविवारची रात्र सहसा मिळत नाही. आठवड्यातल्या आडवारी नाटक लावून ते चालेना म्हणणं तसं अन्यायाचंच, पण हिशेबवहीला ते कळत नाही.

कंत्राटदाराचा हिशेब एका रात्रीचा. समजा नाट्यगृह 700 खुर्च्यांचं आणि सरासरी तिकीट 250 रुपये. साठेक पास जातात. उरलेल्या 640 पैकी 500 विकली तर सव्वा लाख. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, मंडळींचं राहणं-जेवण, बॅनर, गावात फिरवलेली रिक्षा आणि जनरेटर वजा करा. उरलेल्या रकमेत कंत्राट बसत नसेल तर नाटक कितीही गाजलेलं असो, सोडून द्या. दर वाढवून बघायचा असेल तर 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यावर गेलात की लागतो. जनरेटरवर मात्र काटकसर नको. दुसऱ्या अंकात वीज गेली तर प्रेक्षक महावितरणला नाही, तुम्हाला शोधत येतात.

तारखेचं तंत्र इथलं वेगळं आहे. मे महिना, गणपतीच्या आगेमागे आणि शिमग्याला चाकरमानी गावात असतो, तेव्हा खिडकीवर गर्दी असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर तळकोकणात गावोगाव जत्रा सुरू होतात. जवळच्या गावात दशावतार उभा असेल त्या रात्री तिकिटाचं नाटक लावू नये. तिथे दशावतारी मंडळीच्या सामानाचा पेटारा येतो, पहाटेपर्यंत आख्यान रंगतं आणि बघायला पैसे पडत नाहीत. प्रयोग सुटा घेण्यापेक्षा चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा लागोपाठच्या रात्री तिघांनी मिळून घेतल्या तर बस आणि टेम्पो वाटून पडतात.

कंत्राटातही जाच आहे. नटाला मालिकेचं शूटिंग लागलं की तारीख पुढे जाते आणि तिकिटांचे पैसे तुम्ही परत करत बसता. म्हणून विसार देतानाच लिहून घ्यावं: किती दिवस आधी कळवणार, छपाईचा खर्च कोण देणार, बदली नट चालेल का. पासांचं दुखणं वेगळं. पहिल्या तीन रांगा खिडकीवर प्लॅन (खुर्च्यांचा नकाशा) लावायच्या आधीच मानकऱ्यांत वाटल्या जातात आणि त्यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. मी पास पाचव्या रांगेपासून मागचे देतो. थोडे रुसवे होतात, पण निभतं.

मला निर्मितीपासून दूर नेलं ते मात्र पडून राहणाऱ्या सेटने. दोन प्रयोगांमध्ये महिन्याचं अंतर पडलं की सेट ठेवायचा कुठे? मुंबईकडच्या गोदामाचं भाडं प्रयोग असो-नसो चालूच राहतं. गावच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपट्यात, ठेवला तर भाडं नाही, पण आणण्या-नेण्याचा टेम्पो आहे आणि वर आपला पावसाळा. प्लाय दमट हवेत फुगतो. फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर प्लाय ठोकलेल्या सेटच्या भिंती, एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडायचे असतात. लाकडी चौकट जराशी पिळली तरी बिजागरीची दोन पाती समोरासमोर येत नाहीत आणि मधली खिळी बसत नाही. मग बॅकस्टेजवाला हातोडी घालतो आणि कडेचे थर सुटतात. दाराची चौकट पिळली की दार लागत नाही. नट चिडून दार आपटून जातो, दार परत उघडतं आणि गंभीर प्रसंगाला हशा पिकतो. खालून वाळवी लागली तर ते लोड करतानाच कळतं. विटांवर फळ्या टाकून फ्लॅट उभे ठेवणं, कडांना ऑइलपेंट मारणं, ताडपत्री भिंतीपासून सुटी ठेवणं, हे सगळं करता येतं; पण ते करायला एक माणूस लागतो आणि नाटक बंद असलं तरी त्याला पगार द्यावाच लागतो. कंत्राटदाराला सेट एक रात्र सांभाळायचा. सकाळी टेम्पो घाटाला लागला की तो निर्मात्याचा.

दुसऱ्या कोणाचं गणित वेगळं असू शकतं. मुंबईत कोरडी जागा असलेला आणि तारखा सांभाळणारा भरवशाचा भागीदार असेल, तर निर्मितीला मी नको म्हणणार नाही. फक्त नेपथ्यकाराला पहिल्याच बैठकीत विचारा की दोन लेव्हल (उंचवट्याचे चौथरे), एक चौकट आणि चार खुर्च्यांत भागेल का. उरलेलं काळ्या पडद्यांवर निभावत असेल तर सगळा सेट एका छोट्या टेम्पोत जातो, घरच्या माळ्यावर राहतो, आणि मग माझी तक्रार निम्मी बाद होते.