साठ रुपयांची खोली आणि अकरा महिन्यांचं घर

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या वाड्यात दोन खोल्यांत जुना भाडेकरू आहे, भाडं महिना ६० रुपये. धाकटी बहीण राजारामपुरीत अकरा महिन्यांच्या करारावर राहते. भाडे नियंत्रण राहावं की जावं, हे ठरवायचं असेल तर ही दोन्ही घरं बघा.

जुन्या भाडेकरूला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचा आधार आहे. भाडं वेळेवर देणाऱ्याला काढायचं तर मालकाला स्वतःची खरी गरज वगैरे कारण कोर्टात शाबीत करावं लागतं. भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. साठावर ती होते २ रुपये ४० पैसे! कौलं शाकारणाऱ्याची एका दिवसाची मजुरी आमच्या वर्षभराच्या भाड्याएवढी. शाकारणी दोन वर्षं लांबली आणि पावसाळ्यात तिथल्या आजी शेगडीशेजारी पातेलं लावून बसल्या. दुरुस्ती कायद्यानं आमच्यावर आहे, हे मला नाकारता येत नाही.

बहिणीचं छत पक्कं आहे, मुक्काम पक्का नाही. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे तिच्या अकरा महिन्यांच्या कराराची, मुदत संपल्यावर राहिलं तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट भरपाई. नव्या करारात मालक म्हणेल ते भाडं. चार वर्षांत तीन घरं झाली. दरवेळी टेम्पो, डिपॉझिट, पोराच्या शाळेची नवी रिक्षा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला’ हे एजंटचं म्हणणं चूक आहे. कलम ५५ नुसार करार नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे.

तिसरा पर्याय केंद्राचा आदर्श भाडे कायदा. मंत्रिमंडळानं तो २ जून २०२१ ला मंजूर केला, पण राज्यानं स्वीकारला तरच लागू. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं, तंट्यांसाठी वेगळं भाडे न्यायालय. बहिणीला एवढंही पुष्कळ झालं. पण भाड्याचा आकडा दोघांच्या संमतीवर, म्हणजे घर स्वस्त होत नाही. जुन्या भाडेकरारांना तो लागत नाही, त्यामुळे आजींना धक्का नाही आणि गळक्या कौलांनाही उपाय नाही.

म्हणून मी कुठल्याच एका बाजूला पूर्ण नाही. आजींना हलवू नये, पण दुरुस्ती निघेल एवढं भाडं वाढावं. नव्यांना डिपॉझिटची मर्यादा मिळावी आणि किमान तीन वर्षांची मुदत, जी यातल्या कुठल्याच कायद्यात नाही. आपल्याकडे शहराच्या हद्दवाढीवर सभा गाजतात. दारात येणाऱ्या उमेदवाराला या तीन वर्षांचंही विचारा.