‘शंकराभरणम्’ची गाणी: काय मिळतं आणि कुठे फसगत होते

कर्नाटक संगीताची मैफल मिळेल या आशेने ‘शंकराभरणम्’ या तेलुगू चित्रपटाच्या गाण्यांचा हा संच लावलात तर पहिल्या दहा मिनिटांत चिडाल. ‘रागम् तानम् पल्लवी’ हे नाव वाचून जाणकार सावरून बसतो. कर्नाटक मैफलीतला हा विस्ताराने गायचा प्रकार, त्याला सहज तासभर लागतो. इथे मात्र त्या तीन शब्दांभोवती गीतकार वेटूरींनी लिहिलेलं एक आटोपशीर चित्रपटगीत आहे. गाणं सुरेखच आहे, पण डब्यावरचं नाव वेगळं आणि आतला माल वेगळा. हा सिनेमाचा संच आहे हे एकदा मान्य केलं, की पाचपैकी साडेचार तारे द्यायला हरकत नाही.

के. विश्वनाथ यांचा हा तेलुगू चित्रपट २ फेब्रुवारी १९८० रोजी लागला. संगीतकार के. व्ही. महादेवन, मद्रासच्या चित्रसृष्टीतले ‘मामा’. आधी चाल आणि मग तिच्यावर शब्द हा सिनेमातला सर्रास रिवाज. मामांचं काम उलट चाले. कवीने कागद द्यायचा, चाल त्यानंतर. म्हणून इथे अक्षर ओढूनताणून मात्रेत बसवल्यासारखं वाटत नाही. ‘शंकरा नादशरीरापरा’ ऐका. संस्कृत समास चालतात तशीच चाल चालते, आणि तेलुगू न येणाऱ्या मराठी माणसालाही निम्मे शब्द कळतात.

गाण्यासाठी पहिला विचार कर्नाटक गायक एम. बालमुरलीकृष्णांचा झाला होता. काम आलं पार्श्वगायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्याकडे, ज्यांनी शास्त्रीय तालीम घेतलेली नव्हती. मामांचे सहायक पुगळेंदी यांनी त्यांच्याकडून एकेक जागा घोटून घेतली. हे कानाला कळतं: तान ठरलेली आहे, आयत्या वेळी सुचलेली नाही. वर्षानुवर्षं मैफल गाणाऱ्याचा बेफिकीरपणा या आवाजात नाही. त्याऐवजी आहे स्वच्छ उच्चार, भरपूर दम आणि तार सप्तकातही न चिरकणारा आवाज. सिनेमाला हेच हवं होतं.

पेटी घेऊन बसणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. ‘ओंकारनादानुसंधानमौ’ हे गाणं शंकराभरण रागात, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, आपला बिलावल थाट. ‘शंकरा नादशरीरापरा’ मध्यमावतीत: सा रे म प आणि कोमल नी, गंधार-धैवत वर्ज्य. स्वर मधमाद सारंगाचेच. गंमत अशी की कर्नाटक मैफलीत मध्यमावती शेवटी मंगल म्हणून गातात, आणि इथे तोच राग थेट शंकराला हाक मारायला वापरलाय. ‘सामजवरगमना’ हिंदोलम्‌मध्ये, म्हणजे आपल्या मालकंसाचे स्वर. हात इथेच चुकतो. आपण कोमल गंधारावर मींड घेऊन रेंगाळतो, तिकडे तो स्वर गमकाने हलवतात. स्वर तेच, पण स्थिर ठेवलेत की लगेच बाहेरचे वाटता.

संचातलं सर्वांत अवघड काम म्हणजे ‘दोरकुना इटुवंटि सेवा’. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या बिलहरी रागातल्या कृतीची (रचनेची) पहिली ओळ उचलून पुढचं गाणं वेटूरींनी रचलं. बिलहरीत चढताना सा रे ग प ध सा, भूपासारखं. उतरताना सगळे शुद्ध स्वर, बिलावलसारखे. चित्रपटाचे नायक, म्हातारे गवई शंकरशास्त्री गाता गाता कोसळतात आणि त्यांचा लहान शिष्य गाणं पुढे नेतो. त्या मुलासाठी आवाज वाणी जयराम यांचा. नुसतं ऐकणाऱ्याला पुरुषाचा आवाज मध्येच का थांबला ते कळत नाही. हे गाणं आधी पडद्यावर बघा, मगच कानांनी ऐका.

वाणी जयराम आपल्याला परक्या नाहीत. कुमार गंधर्वांबरोबरचं ‘ऋणानुबंधाच्या’ त्यांचंच. इथे तेलुगू संतकवी भद्राचल रामदासांचं ‘ए तीरुग ननु’ त्या गातात, तेव्हा आवाजात जराही नखरा नाही. त्यामानाने बालसुब्रह्मण्यम आणि एस. जानकी यांचं ‘सामजवरगमना’ जरा जास्तच गुळगुळीत वाटतं. त्यागराजांची मूळ कृती कानात असलेल्यांना ते खटकेल.

सुरुवातीला थिएटरं रिकामी होती. मग बघून आलेल्यांनी इतरांना धाडलं. तामिळनाडू आणि कर्नाटकात चित्रपट तेलुगूतच चालला. २७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीतकार, पार्श्वगायक आणि पार्श्वगायिका हे तिन्ही मान याच संचाला मिळाले. १९८५ च्या हिंदी ‘सूर संगम’मध्ये राजन-साजन मिश्र गायले; गायकी तिथे पक्की, पण शब्द आणि चाल एकमेकांत अशी मुरलेली नाहीत.

ॲपवर शोधताना एक काळजी घ्या. नुसतं ‘सामजवरगमना’ टाकलंत तर २०२० च्या ‘अला वैकुंठपुरमुलू’मधलं त्याच नावाचं प्रेमगीत पुढ्यात येतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सोबत चित्रपटाचं नाव टाका आणि गायकांची नावं तपासा. मागाहून ढोलकीचे ठोके किंवा घुमारा चढवलेली प्रत दिसली तर सोडून द्या, कारण त्यात आधी वीणा आणि मृदंगाचा डावा हात बुडतो. साधी, थोडी खरखरणारी जुनी प्रत परवडली.