नात्यातलं लग्न आणि जनुकाचा शोध: दोन वाटा

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं एक घर. आईवडील आते-मामे भावंडं, तीनपैकी दोन मुलांना जन्मापासून ऐकू येत नाही. धाकटी माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती. "आमचं काय चुकलं?" आईने विचारलं. काहीच नाही, ताई.

दोषी जनुक संगणकाने शोधायची एक वाट लँडर आणि बॉटस्टाईन या जनुकशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मांडली. नात्यातल्या लग्नात एकाच पूर्वजाची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून येऊ शकते. म्हणून आईकडून आणि वडिलांकडून आलेला डीएनए जिथे तंतोतंत सारखा, ते पट्टे शोधायचे. अशा जोडप्याच्या मुलांत सरासरी सोळावा हिस्सा तसा असतो. दोन्ही बाधित मुलांत असलेला आणि निरोगी भावंडात नसलेला पट्टा धरायचा. पण एकेका पट्ट्यात शेकडो जनुकं असू शकतात.

दुसरी वाट एक्झोमची: प्रथिनांची कृती लिहिलेला जेमतेम दीड टक्का डीएनए वाचायचा, सर्रास आढळणारे बदल गाळायचे, उरलेले लक्षणांशी ताडायचे. २०१० मध्ये मिलर सिंड्रोम या चेहरा आणि हातपाय नीट न घडण्याच्या दुर्मीळ आजाराचं जनुक चार रुग्णांवरून असंच सापडलं. मात्र कोणता बदल किती सर्रास हे सांगणाऱ्या जागतिक नोंदींत आपले समाज कमी, त्यामुळे निरुपद्रवी बदलही दुर्मीळ भासतो.

या घरासाठी मी एक्झोमच करेन आणि त्याच माहितीतून पट्टेही काढेन. नात्याबाहेरच्या लग्नात पट्ट्यांचा फारसा उपयोग नाही.