गुडघेदुखीच्या पुडीत काय होतं?

चौदा वर्षं झाली मला शुगर आहे. सकाळी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. गेल्या थंडीत गुडघ्यांनी असा दावा धरला की सिडकोतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर जाताना कठडा सोडवेना. तशात पंचवटीत दर्शनाला गेले आणि एका टपरीवर पाटी दिसली : ‘अस्सल जडीबुटी, शुगरवाल्यांनाही चालते.’

पंधरा दिवसांच्या तीस पुड्या, चौदाशे रुपये. पुडीवर ना नाव, ना बॅच नंबर, ना तारीख. बिल मागितलं तर म्हणतो, “मावशी, देवाच्या दारात बिल कसलं?” वर आणखी, “डॉक्टरांना सांगू नका, ते आमच्या औषधाला नावं ठेवतात.” तेव्हा मला हे पटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मी पायऱ्या भराभर चढले. बिल्डिंगभर सांगत सुटले, दोघींनी त्याचा नंबर घेतला. मी पुड्या तीनदा आणल्या. गाल भरले, तर लोक म्हणाले तब्येत सुधारली.

मग रिपोर्ट आला. उपाशीपोटी 124, जेवणानंतर 296. “दुसरं काही औषध घेताय का?” डॉक्टरांनी सरळ विचारलं. मी सरळ नाही म्हटलं. त्यांनी ग्लिमेपिराइड वाढवली.

पुड्या संपल्या तेव्हा टपरी बंद, फोन बंद. चार-पाच दिवसांनी रविवार कारंज्यावर भाजी घेताना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मेथीची जुडी हातातून पडली. शेजारच्या मेडिकलवाल्या पोराने बोट टोचून बघितलं : 54. त्यानेच साखरेचं पाणी पाजलं.

मुलाने रिकाम्या पुडीसकट मला डॉक्टरांकडे नेलं. तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाले, पण लक्षणं स्टेरॉइडची आहेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे दुखणं थांबवणारं औषध मिसळलेलं सापडतं. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने दुपारनंतरची साखर उसळते, उपाशीपोटीची बरी दिसते. पुडी थांबली, वाढवलेली गोळी मात्र चालूच राहिली, म्हणून साखर कोसळली. शिवाय महिना-दीड महिना स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं. त्यामुळे अशी पुडी मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं, ती डॉक्टरांना सांगूनच सोडायची. मला हे आधी कोण सांगणार?

किडनी कशी चालते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 0.9 चं 1.5 झालं होतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीवर ताण टाकतात, आणि मेटफॉर्मिन बाहेर पडते किडनीतूनच. किडनी मंदावली की ती अंगात साचते. म्हणजे मेडिकलमधून ‘दुखण्याची एक गोळी द्या’ असं म्हणून आपण जे सहज घेतो, तेही आमच्यासारख्यांनी विचारूनच घ्यायचं. मला आता दुखलंच तर पॅरासिटामॉल 500, तीही दोन गोळ्यांत निदान सहा तास सोडून. सर्दीच्या गोळ्यांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असते, ती धरून मोजायची.

नंबर घेतलेल्या दोघींना मी घरी जाऊन सांगितलं. एक दुसऱ्याच दिवशी तिच्या डॉक्टरांकडे गेली. दुसरी म्हणते, “मला तर गुण येतोय हो.” संध्याकाळी फिरायला निघालो की ती माझ्या चार पावलं पुढे असते.